परिचारिकेचे पदक

पलटणीतून निवृत्त झालेला एखादा वृद्ध शिपाई सणासुदीच्या दिवशी ठेवणीतला कोट अंगात घालून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या छातीवर रंगीत फितींची एक लहानशी ओळ दिसते. आपण तिच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतो. परंतु जाणता मनुष्य ती ओळ पुस्तकातल्या ओळीप्रमाणे वाचीत जातो. ही फीत अमक्या मोहिमेची, ही दीर्घ नोकरीची, ही पराक्रमाची, असे तो बोट ठेवून सांगू शकतो. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते अशाच काही फितींविषयी. मात्र त्या ज्यांना मिळाल्या त्यांनी बंदूक कधी हाती धरली नव्हती. त्यांच्या हाती असे ती पट्ट्यांची गुंडाळी, औषधाचा पेला आणि रात्रपाळीचा कंदील. लष्करात उत्कृष्ट शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांस जी पदके व मानचिन्हे देण्यात आली त्यांची हकीकत आणि त्या हकीकतीतून आपण घ्यावयाचा बोध, असा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना लष्करी पदकांशी काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. इसवी सन १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला, तो मुख्यतः हैदराबाद कॉन्टिंजन्ट नावाच्या फौजेचा खर्च भागविण्यासाठी. म्हणजे आपल्या काळ्या जमिनीच्या साऱ्यावर एक अखंड फौज पोसली जात होती. एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, त्या फौजेची छावणी होती, आणि परतवाडा गाव त्या छावणीच्याच आश्रयाने वाढले. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिळून गेली. आता मनाशी प्रश्न करून पाहा, की या छावणीतला देशी शिपाई तापाने फणफणला म्हणजे त्याच्या उशाशी कोण बसत असेल? त्याचाच एखादा सोबती, त्याच्याच जातीचा, त्याच्याच गावचा. मायेने बसणारा, परंतु शुश्रूषेचे शास्त्र न शिकलेला. शिकलेली परिचारिका त्या शिपायाच्या वाट्यास आली नाही, आणि पुढेही पुष्कळ वर्षे येणार नव्हती. परिचारिकांच्या पदकांची कथा सांगताना ही रिकामी जागा आपण ध्यानात ठेवू.

कथेचा आरंभ होतो तो क्रिमियाच्या युद्धापासून. १८५४ च्या नोव्हेंबर महिन्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस परिचारिका बरोबर घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात पोहोचल्या. त्या काळी विलायतेतसुद्धा परिचारिकेचा धंदा प्रतिष्ठित घराण्यातील मुलीने करण्याजोगा मानला जात नसे. नाइटिंगेलबाईंनी स्वच्छता, शिस्त, अन्न आणि आकडेवारी या चार साधनांनी तो धंदा विद्येच्या पदवीस नेला. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. परंतु या देशातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली जे राजमंडळ नेमले गेले, त्याच्या कामामागे त्यांची लेखणी होती. १८६३ साली निघालेल्या त्या अहवालाने जगापुढे ठेवलेला आकडा भयंकर होता: हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्यात दर हजारी एकोणसत्तर मृत्यू दरवर्षी घडत होते, आणि त्यांतील बहुतेक मृत्यू तलवारीने वा गोळीने झालेले नसून घाणीने आणि रोगाने झालेले होते. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी ग्रामस्वच्छतेविषयी पत्रव्यवहार केला, ही गोष्टही आपण महाराष्ट्रीयांनी विसरू नये.

क्रिमियाच्या युद्धानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १८८३ च्या एप्रिल महिन्याच्या २७ तारखेस, महाराणी व्हिक्टोरियाने ‘रॉयल रेड क्रॉस’ नावाचे मानचिन्ह स्थापन केले. केवळ स्त्रियांसाठी निर्माण झालेले ब्रिटिश लष्करातील हे पहिले मानचिन्ह होय. सोन्याची कड असलेला लाल मिन्याचा क्रूस, त्याच्या तीन भुजांवर श्रद्धा, आशा आणि भूतदया या अर्थाचे तीन शब्द, चौथ्या भुजेवर स्थापनेचे साल, आणि लाल काठाची गडद निळी फीत, असे त्याचे स्वरूप आहे. पुरुषांप्रमाणे ते सरळ टाचण्याऐवजी स्त्रिया त्याची फीत फुलाच्या गाठीसारखी बांधून खांद्याशी लावीत. पहिल्या मानकऱ्यांत खुद्द नाइटिंगेलबाई होत्या. १९१५ साली, महायुद्धाचा वणवा पेटलेला असता, त्याची रुपेरी अशी दुसरी पायरी निर्माण करावी लागली. कारण सन्मानास पात्र हातांची संख्या एका पायरीवर मावेनाशी झाली होती.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून या मानचिन्हाचे वेगळेपण पाहिले पाहिजे. शिपायाचा पराक्रम बहुधा एका घटकेत घडतो. तो तोफेच्या तोंडी धावतो, जखमी सोबत्याला खांद्यावर घेतो, बुरुजावर निशाण लावतो. त्या घटकेला साक्षीदार असतात. अधिकारी पाहतो, हकीकत लिहितो, वरिष्ठांकडे शिफारस जाते आणि पदक येते. परिचारिकेचे कर्तृत्व असे एका घटकेत सामावत नाही. ते महिनोन्‌महिने रात्रीमागून रात्र चाललेले असते, आणि ते सफळ झाले म्हणजे दिसेनासे होते. जखम चिघळली नाही, ताप उलटला नाही, पाठीला शय्याव्रण झाले नाही, रोगी पहाटे उठून पाणी मागू लागला. यांपैकी कोणत्या गोष्टीची हकीकत कोण लिहिणार? ज्या रात्री काहीच घडले नाही, तीच परिचारिकेच्या यशाची रात्र. न घडलेल्या अनर्थाला साक्षीदार मिळत नाही.

या अडचणीतून मार्ग काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे रॉयल रेड क्रॉस. त्यात धाडसाला स्थान होतेच. परंतु निष्ठेने आणि कौशल्याने केलेल्या दीर्घ शुश्रूषेलाही लष्कराने सन्मानयोग्य ठरविले. पुढे १९१६ साली शौर्याचे ‘मिलिटरी मेडल’ही स्त्रियांना देता येईल असा निर्णय झाला, आणि गोळ्यांच्या वर्षावात रोग्यांपासून न हललेल्या कित्येक परिचारिकांना ते मिळाले. याप्रमाणे धैर्य आणि सेवा या दोन्ही दारांनी परिचारिका सन्मानाच्या सभेत आली.

आता हिंदुस्थानकडे वळू. १८८८ च्या मार्च महिन्यात दहा शिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी विलायतेहून मुंबई बंदरात उतरली. तिच्यातील कॅथरीन ग्रेस लॉक नावाच्या प्रमुख बाई रावळपिंडीच्या लष्करी इस्पितळात गेल्या आणि पुढे त्यांना रॉयल रेड क्रॉसचा मान मिळाला. या बायांचे काम खडतर होते यात शंका नाही. परंतु त्यांच्या खाटा गोऱ्या शिपायांच्या होत्या. देशी पलटणीतील शिपायासाठी पलटणीचाच लहान दवाखाना असे, आणि तेथे परिचारिकेचे पाऊल पडत नसे. पदक देणाऱ्या सरकारच्या लेखी सेवा कोणती, हे जसे पदकाने ठरते, तसेच सेवेस पात्र कोण, हेही ठरून जाते. ज्याच्या उशाशी परिचारिकाच नाही, त्याच्या शुश्रूषेसाठी कोणाला पदक मिळणार?

त्याच सुमारास मुंबईत एक मूक क्रांती होत होती. १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले, त्याबरोबर परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली, आणि १८९१ साली बाई काशीबाई गणपत या नावाची एतद्देशीय स्त्री परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पुढे आली. या नावापुढे कोणतेही मानाचे उपपद नाही. परंतु परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रक्त आणि मलमूत्र साफ करणे, जातिपातीचा विचार न करता प्रत्येकाला पाणी पाजणे, या गोष्टी ज्या समाजाला अब्रह्मण्यम् वाटत होत्या, त्या समाजातून एक स्त्री उठून इस्पितळाच्या दारात उभी राहिली, हे धैर्य तोफखान्यासमोरच्या धैर्याहून कमी म्हणता येईल काय? पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून इस्पितळाच्या साह्याने परिचारिकांचे वर्ग चालविले, आणि विधवा व निराधार स्त्रियांना या कामी उभे केले. घरातून आणि घराबाहेरून झालेली निंदा त्या मुलींनी सोसली. ही सारी शिबंदी तयार झाली नसती, तर पुढे लष्कराला देशी परिचारिका मिळाल्या असत्या कोठून?

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानात भरती केलेल्या परिचारिकांना प्रथमच लष्करी कामावर घेण्यात आले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून जखमी आणि रोगग्रस्त शिपायांनी भरलेली जहाजे मुंबईस येत होती. युद्धाच्या अखेरीस देशी शिपायांसाठी नीट व्यवस्थेची छावणी-इस्पितळे निघाली. १९२६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १ तारखेस देशी सैन्यासाठी परिचारिकांचे कायम दल उभे राहिले. त्याचा आरंभीचा ताफा किती होता? बारा मेट्रन, अठरा सिस्टर आणि पंचवीस परिचारिका; एकूण पंचावन्न. एवढ्या मोठ्या सैन्याला पंचावन्न स्त्रिया! तथापि ज्या रिकाम्या जागेची गोष्ट मी आरंभी सांगितली, ती भरून निघण्यास येथे सुरुवात झाली. अखेर दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, वटहुकुमाने या दलातील परिचारिकांना अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला. ज्या मुलीच्या धंद्यामुळे सोयरीक जुळण्यास अडचण पडे, त्या मुलीपुढे आता शिपाई टाच जुळवून सलाम करू लागला. माझ्या मते हा सलाम कोणत्याही पदकाहून लहान नव्हता. वैद्यकीय शाखांखेरीज इतर शाखांत स्त्रियांना अधिकारी म्हणून घेण्यास स्वतंत्र भारताच्या सैन्याने १९९२ साली आरंभ केला. परिचारिका त्या मार्गावर जवळजवळ अर्धे शतक आधी चालून गेली होती.

त्याच युद्धातील एक प्रसंग सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. तो आपल्या देशातील नाही. परंतु साक्षीदाराविषयी मी जे म्हटले, त्याचे इतके दारुण उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडण्याच्या बेतात असता ‘वायनर ब्रूक’ नावाच्या जहाजातून पासष्ट ऑस्ट्रेलियन परिचारिका निघाल्या. १४ तारखेस ते जहाज सुमात्राजवळ बुडविण्यात आले. बारा परिचारिका समुद्रात नाहीशा झाल्या. बांका बेटाच्या किनाऱ्यास लागलेल्या बावीस जणींना जपानी शिपायांनी समुद्राकडे तोंड करून पाण्यात चालावयास लावले आणि पाठीमागून गोळ्या घातल्या. एकवीस मेल्या. व्हिव्हियन बुलविंकल नावाची एकटी परिचारिका कमरेजवळून गोळी आरपार जाऊनही वाचली. ती किनाऱ्यावर परतली तेव्हा तिला एक जखमी इंग्रज शिपाई आढळला. आपली जखम लपवीत त्या अरण्यात तिने कित्येक दिवस त्याची शुश्रूषा केली, आणि मग दोघे शत्रूच्या स्वाधीन झाले. पुढील साडेतीन वर्षे तुरुंगात तिने व तिच्या सोबतिणींनी त्या हत्याकांडाविषयी अवाक्षर काढले नाही. कारण साक्षीदार जिवंत आहे हे कळते, तर तीही उरली नसती. युद्ध संपल्यावर तिने टोकियोच्या न्यायसभेपुढे साक्ष दिली. तिला रॉयल रेड क्रॉसच्या मालिकेतील मान मिळाला, आणि १९४७ साली आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदकही मिळाले. त्या एकवीस जणींची हकीकत जगाला कळली ती केवळ एक जण उरली म्हणून. जेथे एकही जण उरली नसेल, अशा किनाऱ्यांची गणती कोणी करावी?

हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक कोणत्या एका देशाचे नाही. १९१२ साली त्याची योजना ठरली आणि १९२० साली ते प्रथम देण्यात आले. युद्धात वा आपत्तीत जखमी व रोगी यांच्यासाठी असामान्य धैर्य आणि निष्ठा दाखविणाऱ्या परिचारिकांना ते दर दोन वर्षांनी मिळते, आणि सर्व जगात मिळून एका वेळी पन्नासांहून अधिक पदके दिली जात नाहीत. शत्रू आणि मित्र असा भेद रेड क्रॉसच्या निशाणाखाली नसल्यामुळे या पदकाची प्रतिष्ठा राज्ये उलथली तरी उणावली नाही.

राज्यसत्तेच्या पदकाची गोष्ट निराळी आहे, आणि ती समजून घेण्यासाठी आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुढे येऊन राहिलेल्या महापुरुषाचे स्मरण करावे लागते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत १८९९-१९०० च्या बोअर युद्धात आणि १९०६ च्या झुलू बंडाच्या वेळी जखमींना वाहून नेणारी व त्यांची शुश्रूषा करणारी पथके उभारली होती. त्याबद्दल त्यांना दोन पदके मिळाली. पुढे १९१५ साली ‘कैसर-ए-हिंद’चे सुवर्णपदकही मिळाले. १९२० च्या ऑगस्ट महिन्याच्या १ तारखेस, असहकाराचा आरंभ करताना, ही तिन्ही पदके त्यांनी व्हाइसरॉयकडे परत पाठविली. परंतु शुश्रूषा काही परत पाठविली नाही. सेवाग्रामात १९३९ साली परचुरेशास्त्री महारोगाने पीडित होऊन आले, तेव्हा त्यांना आश्रमात ठेवून घेऊन गांधीजी त्यांच्या जखमा स्वतः धूत व अंगाला तेल चोळीत. त्या कामाची कोणत्याही सरकारी कागदावर शिफारस झाली नाही, आणि झाली असती तर ते हसले असते. पदक देणारा आणि घेणारा यांच्यात एक नाते असते. ते नाते तुटले तर पदक परत जाते. सेवा करणारा आणि रोगी यांच्यातले नाते त्याहून जुने आहे.

मग स्वतंत्र भारताने या पदकांचे काय केले? जुनी राजचिन्हे गेली आणि त्यांच्या जागी आपली स्वतःची आली. १९६० साली ‘विशिष्ट सेवा पदक’ तीन वर्गांत स्थापन झाले, आणि १९६७ साली त्या तीन वर्गांना परम विशिष्ट सेवा पदक, अति विशिष्ट सेवा पदक आणि विशिष्ट सेवा पदक अशी नावे मिळाली. तिन्हींची फीत पिवळी आहे. तिच्यावर गडद निळी रेघ एक असेल तर परम, दोन असतील तर अति, आणि तीन असतील तर विशिष्ट. रेघा जितक्या थोड्या तितका मान मोठा, हे वाचण्याची खूण आपण ध्यानात ठेवावी. ही पदके शत्रूसमोरील एखाद्या साहसासाठी नसून उच्च दर्जाच्या सेवेसाठी आहेत, आणि म्हणून परिचारिकेच्या कर्तृत्वाला ती स्वभावतःच जुळतात. १९७६ साली लष्करी परिचर्या सेवेच्या प्रमुख गर्ट्रूड अॅलिस राम या मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर चढलेली ही पहिली स्त्री, आणि ती परिचारिका होती. परम विशिष्ट सेवा पदकाच्या त्या मानकरी होत्या. १९२६ च्या पंचावन्न स्त्रियांपासून येथवर अवघ्या पन्नास वर्षांचे अंतर आहे. मुलकी परिचारिकांसाठीही १९७३ पासून राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू झाले, आणि ते राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जातात.

ही झाली मिळालेल्या पदकांची गोष्ट. न मिळालेल्या पदकांची गोष्ट सांगितल्याखेरीज भाषण पुरे होणार नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. रोगग्रस्त मुलाला दवाखान्यात नेताना त्यांनाच प्लेगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अंगावर कोणतीही फीत चढली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांना जो तडाखा दिला तो देशातील अत्यंत जबर तडाख्यांपैकी होता; त्या दिवसांत गावोगाव कोणत्या बायांनी तोंडाला फडके बांधून कोणाकोणाच्या तोंडात पाणी घातले, याची नोंद कोठे आहे? आणि इतके मागे तरी कशास जावे? २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट उठली तेव्हा तिची ठळक चाहूल प्रथम आपल्या अमरावतीस आणि अकोल्यास लागली. २२ तारखेपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी झाली. त्या आधीच्या वर्षी, ३ मे २०२० रोजी, सैन्याच्या हेलिकॉप्टरांनी देशातील अनेक इस्पितळांवर पुष्पवृष्टी केली होती. सैनिकांनी परिचारिकांस दिलेली ती मानवंदना योग्यच होती. परंतु फुले संध्याकाळपर्यंत सुकतात, आणि रात्रपाळी संध्याकाळनंतर सुरू होते.

श्रोतेहो, मी माझीच एक आठवण सांगतो. मी नऊ वर्षांचा असता विषमज्वराने आजारी पडलो आणि वऱ्हाडातल्याच एका सरकारी इस्पितळात तीन आठवडे होतो. ज्या रात्री ताप चढला त्या रात्री एक परिचारिका माझ्या कपाळावरची ओली घडी दर काही मिनिटांनी बदलीत पहाटेपर्यंत उभी होती, असे आई सांगे. मला आठवते ते एवढेच, की तिच्या हाताला साबणाचा वास होता. मी बरा झालो. वडील नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन डॉक्टरांना भेटून आले, त्यांचे आभार मानून आले. घरी परतल्यावर आईने चुलीपुढून मान वर न करता विचारले, “अन्‌ त्या बाईचं नाव पुसलं का तुमी?” वडिलांनी नाव विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तो तिची बदली झालेली होती. आई त्यानंतर बरीच वर्षे जगली, आणि इस्पितळाचा विषय निघाला म्हणजे ती हळहळ तिने बोलून दाखविली नाही असे कधी झाले नाही.

आईच्या त्या प्रश्नात, मला वाटते, या साऱ्या विषयाचे सार आहे. कोणतेही पदक आकाशातून पडत नाही. त्याच्या मुळाशी कोणीतरी लिहिलेली एक ओळ असते: अमुक बाईने अमुक दिवशी अमुक केले. ती ओळ लिहिली गेली नाही तर राष्ट्रपतींच्या दरबारातील सोहळाही होऊ शकत नाही. लष्करात ती ओळ लिहिण्याचे काम वरिष्ठ अधिकाऱ्याचे असते. आपल्या गावच्या इस्पितळात ते आपलेही आहे. इर्विनमधून, डफरीनमधून, अकोल्याच्या लेडी हार्डिंगमधून आपण दरसाल बरे होऊन घरी येतो. बाळंतीण आणि बाळ घरी आले म्हणजे बारशाला गाव जेवतो. त्या वेळी रात्री जागलेल्या सिस्टरचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? उलट खाटेशी उशीर झाला म्हणून तिच्यावर ओरडणारे आवाज मात्र आपण सर्वांनी ऐकले आहेत. एका परिचारिकेकडे किती खाटा आहेत, ती किती तास उभी आहे, हे विचारण्यापूर्वीच आपला आवाज चढतो.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. यापुढे घरचे माणूस बरे होऊन निघाले म्हणजे परिचारिकेचे नाव विचारावे आणि इस्पितळाच्या प्रमुखास एक पोस्टकार्डभर मजकूर लिहून पाठवावा. कोणत्या दिवशी, कोणत्या खाटेशी, तिने काय केले, एवढेच पुरे. विशेषणे नकोत, तारीख आणि काम असावे. त्यातून पदक येईलच असे नाही. परंतु न घडलेल्या अनर्थाला निदान एक साक्षीदार मिळेल.

आणि दुसरी गोष्ट मुलींच्या आईबापांसाठी. लष्करी परिचर्या सेवेसाठी मुलींना शिक्षण देणारी जी सहा महाविद्यालये देशात आहेत, त्यांपैकी दोन आपल्या महाराष्ट्रात, एक पुण्यास आणि एक मुंबईस आहे. चार वर्षांचा अभ्यास पुरा करून मुलगी लेफ्टनंट होऊन बाहेर पडते. मोर्शी, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर येथल्या एखाद्या मुलीने हा मार्ग धरण्याचे मनात आणले, तर “नर्सच व्हायचे होते का?” या प्रश्नाने तिचे पाऊल अडवू नये. तो प्रश्न काशीबाईंना विचारून झाला आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. ज्या वऱ्हाडच्या साऱ्यावर एक फौज पोसली गेली आणि ज्या फौजेच्या शिपायाला परिचारिका मिळाली नाही, त्या वऱ्हाडची कन्या उद्या हिमालयातील एखाद्या लष्करी इस्पितळात जखमी जवानाच्या उशाशी बसली, तर शे-सव्वाशे वर्षांची ती रिकामी जागा आपल्या हातून भरली जाईल.

तिला पदक मिळो वा न मिळो, तो जवान शुद्धीवर आला म्हणजे तिचे नाव विचारील अशी आशा करू या.